सांध्यावर पहारेकरी नसतो

लातूर जिल्ह्याचे तालुके दहा, नांदेडचे सोळा. ही सव्वीस नावं पायथनमधून चित्रावर छापणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहा. प्रमाणपत्रावर नाव टाकायला, निकालाचा तक्ता करायला, व्हॉट्सॲपवर फिरवायचं निमंत्रण बनवायला असे प्रोग्रॅम इंजिनिअरिंगची पोरं आणि गावोगावचे कॉम्प्युटरवाले लिहीतच असतात, आणि त्यासाठी पिलो ही लायब्ररी सर्रास वापरली जाते. काही मशीनवर मग एक गंमत होते. लातूर, औसा, उदगीर, अहमदपूर, चाकूर, रेणापूर, देवणी, जळकोट ही नावं झकास उमटतात. नांदेड, मुदखेड, भोकर, उमरी, लोहा, कंधार, माहूर, हदगाव, देगलूर, मुखेड, नायगाव यांनाही धक्का लागत नाही. पण निलंग्यातली वेलांटी न ला सोडून पुढच्या ल वर जाऊन बसते आणि गावाचं नाव ‘नलिंगा’ असं काहीतरी वाचलं जातं. किनवटचं ‘कनिवट’ होतं. शिरूर अनंतपाळ, हिमायतनगर आणि बिलोलीची तीच गत. अर्धापूर आणि धर्माबाद यांचा रफार वर चढतच नाही, पाय मोडलेला र मधेच उभा राहतो.

सव्वीसपैकी एकोणीस बरोबर, सात चूक. प्रोग्रॅम कुठेही अडत नाही, लाल अक्षरांत काही येत नाही. ज्यानं ‘लातूर’ आणि ‘नांदेड’ एवढी दोनच नावं टाकून पाहिली, तो खुशाल पुढच्या कामाला लागतो. दोन्ही जिल्ह्यांच्या मुख्यालयांच्या नावांत पहिली वेलांटीही नाही आणि जोडाक्षरही नाही, हा निव्वळ योगायोग. पण चाचणी फसवायला तो पुरेसा आहे. ‘स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव टाकलं असतं तर चार ठिकाणी पितळ उघडं पडलं असतं.

अशी चूक दिसली की लोक फाँटला दोष देतात, मग दुसरा फाँट, मग तिसरा. फाँट निर्दोष असतो. पिलोच्या पायथन भागातही चूक नसते. बिघाड असतो पायथन आणि त्याच्या खाली काम करणाऱ्या कंपाइल केलेल्या लायब्ररीच्या सांध्यात.

आधी अक्षरांचं पाहू. संगणकाच्या लेखी ‘किल्लारी’ म्हणजे ओळीनं आठ आकडे: क, पहिली वेलांटी, ल, पाय मोडण्याची खूण, ल, काना, र, दुसरी वेलांटी. युनिकोड उच्चाराच्या क्रमानं साठवतं, म्हणून वेलांटी क च्या नंतर येते. कागदावर ती क च्या आधी काढायची असते. दोन ल एकमेकांत गुंतवायचे असतात. अर्धापूरमधला र साठवलेला असतो आधी, पण दिसायचा असतो धा च्या डोक्यावर. ‘शेतकऱ्यांची’ लिहिताना तर र चं आणखी वेगळं, आडवं रूप लागतं. मराठीत ते पावलोपावली येतं, हिंदीवाल्यांना मात्र त्याची गरज पडत नाही. फाँटमध्ये आकार असतात आणि कुठला आकार कधी वापरायचा याचे तक्तेही असतात. पण अक्षरावयव ओळखणं, वेलांटी मागे नेणं, रफार उचलून पुढे ठेवणं आणि मग ते तक्ते वाचणं हे काम दुसऱ्याच प्रोग्रॅमला करावं लागतं. त्याला शेपिंग म्हणतात.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात हे काम बहुतांशी एकच लायब्ररी करते. तिचं नाव हार्फबझ, आणि तिचे प्रमुख कर्ते मूळचे इराणचे बेहदाद एस्फहबोद. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, अँड्रॉइड या सगळ्यांच्या पोटात ती आहे. ही लायब्ररी लिहिली आहे सी प्लस प्लसमध्ये. तिला हाक मारणारे मात्र पायथन, जावा, रस्ट असे कोणीही असू शकतात.

पिलोत ही साखळी अशी आहे. आपण पायथनमध्ये लिहितो: अमुक ठिकाणी हा मजकूर काढ. पिलो तो आपल्या सीमध्ये लिहिलेल्या भागाकडे देते. तो भाग रक्म नावाच्या एका छोट्या लायब्ररीला विचारतो. रक्म तिघांची मदत घेते: फाँटची फाइल वाचायला फ्रीटाइप, शेपिंगला हार्फबझ, आणि डावीकडून उजवीकडे की उजवीकडून डावीकडे हे ठरवायला फ्रीबिडी. २०२१ साली आलेल्या ८.२ या आवृत्तीपासून पिलोच्या तयार पॅकेजात रक्म आणि हार्फबझ आतच असतात. फ्रीबिडी मात्र नसते. प्रोग्रॅम चालू होताना पिलो ती मशीनवर शोधते. लिनक्सवर ती बहुधा सापडते. विंडोजवर फ्रीबिडीची डीएलएल फाइल कोणी मुद्दाम आणून ठेवली नसेल तर सापडत नाही, आणि ती नसली की पिलो अख्ख्या रक्मलाच रजा देते. उरते ती साधी मांडणी: एका कोडला एक आकार, आले तसे ओळीनं.

आता फ्रीबिडीची गरज कुणाला? उर्दूला, अरबीला, हिब्रूला. देवनागरीला तिचा काडीचा उपयोग नाही. म्हणजे उर्दूच्या सोयीची एक फाइल जागेवर नाही म्हणून मराठी फुटते. निजामाच्या राजवटीत उर्दूतून कारभार पाहिलेल्या आमच्या मुलखात ही गोष्ट ऐकून जुन्या माणसांना हसू आल्याशिवाय राहणार नाही.

इथे पिलोच्या कर्त्यांनी घेतलेला एक निर्णय मला पटत नाही. रक्म नसेल तर निमूटपणे साध्या मांडणीवर उतरायचं, असं त्यांनी ठरवलं. इंग्रजीसाठी ते ठीकच आहे, तिथे फरक दिसतही नाही. मराठीसाठी मात्र सरळ नकार आलेला परवडला असता. सुदैवानं तो नकार मागून घेता येतो. मजकूर काढताना भाषा मराठी आहे, म्हणजे ‘एमआर’, असं स्पष्ट सांगितलं, तर रक्म नसलेल्या मशीनवर प्रोग्रॅम ताबडतोब थांबतो आणि ही सोय रक्मशिवाय नाही असं बजावतो. मराठी छापणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये तेवढा एक शब्द असायलाच हवा.

मुळात पायथननं हे सगळं स्वतःच का करू नये? वेग हे नेहमीचं उत्तर. सीमध्ये लिहिलेला मजकूर कंपायलर एकदाच प्रोसेसरच्या सूचनांत बदलून ठेवतो. पायथनचा इंटरप्रिटर तसं करत नाही. प्रत्येक पायरीला तो विचारतो, ही वस्तू कुठल्या जातीची, बेरीज म्हणजे इथे काय करायचं. आकडेमोडीच्या मोठ्या फेऱ्यांत त्यामुळे दहापट, कधी शंभरपट वेळ जातो. पण माझ्या मते वेगाहून मोठं कारण वेगळंच आहे. देवनागरीचे सगळे बारकावे एकदा नीट लिहून, वर्षानुवर्षं तपासून झाल्यावर ते प्रत्येक भाषेत पुन्हा लिहिण्याचा उद्योग कोण करणार? आकडेमोडीतही तेच. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत आपण समीकरणं सोडवतो तेव्हा आत लॅपॅक ही दुसरी लायब्ररी काम करत असते. ती १९९२ ची. तिच्या खालच्या थरातल्या ब्लासची सुरुवात १९७९ ची. दोन्हींचं मूळ लिखाण फोरट्रानमधलं, आणि फोरट्रान ही १९५७ साली आलेली भाषा. आज मशीन लर्निंग शिकणारा विद्यार्थी आपल्या आजोबांच्या वयाच्या भाषेकडून काम करून घेत असतो, पण अभ्यासक्रमातलं पुस्तक त्याला ते सांगत नाही.

कंपाइल केलेली लायब्ररी म्हणजे विंडोजवर डीएलएल आणि लिनक्सवर एसओ फाइल. तिच्यात प्रोसेसरच्या सूचना असतात आणि एक यादी असते: या नावाचं फंक्शन फाइलमध्ये इथे सुरू होतं. बस. ते फंक्शन किती आकडे घेतं, पूर्णांक की अपूर्णांक, परत काय देतं, यातलं सीच्या यादीत काहीच नोंदलेलं नसतं. ती माहिती हेडर फाइलमध्ये होती. कंपायलरनं ती वाचली, वापरली आणि विसरून गेला. सी प्लस प्लसच्या यादीत थोडी जास्त माहिती असते, कारण तिथे फंक्शनच्या नावातच घटकांचे प्रकार कोंबलेले असतात. दोन पूर्णांक घेणारं ‘ॲड’ जीसीसी या कंपायलरच्या यादीत ‘अंडरस्कोर झेड ३ ॲड आय आय’ होऊन बसतं. पण हे कोंबणं सगळे कंपायलर एकाच पद्धतीनं करत नाहीत, त्यामुळे बाहेरच्याला त्यावर विसंबता येत नाही. म्हणूनच हार्फबझ आतून सी प्लस प्लस असली तरी बाहेरच्या जगाला साध्या सीचा चेहरा दाखवते. नवनव्या भाषा येतात, सीला नावं ठेवतात, आणि एकमेकींशी बोलायची वेळ आली की सीच्याच दारात येतात.

आता प्रत्यक्ष हाक कशी मारली जाते ते पाहू. ६४ बिटच्या इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवर लिनक्स असेल, तर पहिले सहा पूर्णांक ठरलेल्या सहा रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जागांत, ठेवायचे आणि अपूर्णांक दुसऱ्याच, वेगळ्या रजिस्टरांत, असा करार आहे. विंडोजवर करार वेगळा, तिथे रजिस्टरांतून पहिले चारच घटक जातात. हाक मारणारा त्या जागी आकडे ठेवतो, बोलावलेलं फंक्शन त्या जागांतून उचलतं. दोघांच्या मधे तपासायला कुणी नसतं.

हे डोळ्यांनी बघायचं तर पायथनमध्येच सोय आहे. २००६ सालच्या २.५ या आवृत्तीपासून सीटाइप्स नावाचं साधन पायथनसोबत येतं. कंपायलर नसला तरी ते कुठलीही एसओ किंवा डीएलएल उघडून देतं. सीच्या गणिताच्या लायब्ररीतलं वर्गमूळ काढणारं फंक्शन घ्या आणि त्याला पूर्णांक २ द्या. दुसरं काही सांगू नका. उत्तर १.४१४ येत नाही. कधी शून्य येतं, कधी भलताच आकडा. झालं असं, की सीटाइप्सनं २ हा आकडा पूर्णांकाच्या रजिस्टरात ठेवला. वर्गमूळवाल्यानं अपूर्णांकाच्या रजिस्टरात पाहिलं, तिथे आधीचा जो कचरा होता त्याचं वर्गमूळ काढलं आणि उत्तर पुन्हा अपूर्णांकाच्या जागी ठेवलं. सीटाइप्सनं मात्र उत्तर पूर्णांकाच्या जागेवरून उचललं, कारण न सांगितल्यास परत येणारी वस्तू साधा पूर्णांक आहे असं ते धरून चालतं. दोघांनीही आपापलं काम चोख केलं. चूक एवढीच की ‘डबल घेतो, डबल देतो’ (डबल म्हणजे सीचा अपूर्णांक) ही दोन वाक्यं कोणी सांगितली नाहीत. ती सांगितली की उत्तर बरोबर येतं.

परत येणारी वस्तू मेमरीतला पत्ता असेल तर प्रकरण जास्त चिघळतं. पत्ता ६४ बिटांचा, सीटाइप्स गृहीत धरतं ३२ बिटांचा पूर्णांक. अर्धा पत्ता छाटला जातो. त्या अर्ध्या पत्त्यावर कोणी गेलं की प्रोग्रॅम ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून जागच्या जागी कोसळतो. पायथनमध्ये एरवी चूक झाली की कुठल्या ओळीत काय झालं त्याची वंशावळ मिळते. इथे ती मिळत नाही, कारण इंटरप्रिटरच मेलेला असतो. तरीही कोसळणं मला बरं वाटतं. निदान कळतं तरी.

न कळणाऱ्या चुकीचा एक नमुना रुपयांतला. सीमध्ये ‘लाँग’ नावाचा पूर्णांक आहे. ६४ बिटच्या लिनक्सवर तो ६४ बिटांचा, ६४ बिटच्याच विंडोजवर मात्र ३२ बिटांचा. नमपायचा नेहमीचा पूर्णांक बरीच वर्षं या लाँगवर बेतलेला होता. ३२ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा आहे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. समजा, एखाद्या जिल्ह्याच्या पीकविम्याच्या रकमा नमपायमध्ये भरल्या आणि बेरीज मारली. बेरीज या आकड्यापुढे गेली की विंडोजवर ती फिरून उणे होते, आणि आणखी पुढे गेली तर पुन्हा अधिक होऊन साळसूदपणे समोर येते. तोच प्रोग्रॅम, तीच फाइल लिनक्सवर बरोबर बेरीज देते. जून २०२४ मध्ये आलेल्या नमपायच्या २.० आवृत्तीत विंडोजवरही ६४ बिट हाच नेहमीचा पूर्णांक झाला. जुनी आवृत्ती अजून ज्या मशीनवर आहे, तिथे धोका कायम आहे.

तक्त्यांचाही एक असाच पेच असतो. लातूरच्या दहा तालुक्यांचा दहा वर्षांचा पाऊस घ्या: ओळीत तालुका, स्तंभात वर्ष. सी असा तक्ता ओळीओळीनं मेमरीत मांडते, फोरट्रान स्तंभास्तंभानं. सी पद्धतीचा तक्ता जसाच्या तसा फोरट्रानला दिला, तर तो त्याला आडव्याचा उभा करून वाचतो. दहा बाय दहा असल्यामुळे मापात काही खटकत नाही. औशाचा तिसऱ्या वर्षीचा पाऊस दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर जमा होतो आणि सरासऱ्या निघत राहतात. फोरट्रानला पायथनशी जोडणारं एफटूपाय हे साधन, एस्टोनियाच्या पेअरू पेटरसन यांनी सुरू केलेलं, हा उलटफेर स्वतः सांभाळतं. गरज पडली तर तक्त्याची नक्कल करून ती योग्य मांडणीत पुढे देतं.

नकलेला खर्च मात्र असतो. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज होती तेव्हा कुर्डुवाडीला माल उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यांत चढवावा लागे. पायथनची साधी यादी सीला देताना तसंच होतं. प्रत्येक आकडा पायथनच्या वस्तूतून काढायचा, सीच्या मापात बसवायचा, पलीकडे भरायचा. लाखभर आकडे असतील तर हमालीच कामापेक्षा जड होते. नमपायचं खरं यश यात आहे. तिचा तक्ता जन्मापासूनच सीच्या मापाचा असतो, त्यामुळे पलीकडे फक्त पत्ता सांगितला की भागतं. म्हणूनच सांधा ओलांडायचा तो कमी वेळा आणि एकदम मोठ्या कामासाठी. एकेका आकड्यासाठी हजारदा सीकडे धावणारा प्रोग्रॅम निव्वळ पायथनपेक्षाही रेंगाळू शकतो.

या सगळ्याचं चांगलं उदाहरण भूकंपाच्या अभ्यासात आहे, आणि लातूर-नांदेडला तो विषय नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातल्या किल्लारीच्या परिसरात सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि दहा हजारांच्या घरात माणसं गेली. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो नांदेडपर्यंत जाणवला. भूकंपमापक यंत्रं अशी कंपनं अखंड नोंदत असतात. सेकंदाला १०० नोंदी, त्याही तीन दिशांच्या, म्हणजे एका यंत्राच्या दिवसाला २ कोटी ५९ लाख २० हजार नोंदी. त्या ‘मिनीसीड’ नावाच्या रचनेत दाबून ठेवतात. प्रत्येक नोंद पूर्ण न लिहिता आधीच्या नोंदीपेक्षा किती फरक पडला तेवढंच लिहायचं, ही स्टाइम यांची युक्ती. उलगडताना एकेक फरक मिळवत जायचं. असल्या कामात पायथनची साधी फेरी दमून जाते.

२००८ च्या सुमारास जर्मनीत म्युनिकच्या विद्यापीठात ऑब्सपाय नावाचा पायथन संच सुरू झाला. आज जगभरचे भूकंपशास्त्रज्ञ तो वापरतात. मिनीसीड उलगडण्यासाठी त्यांनी नवं काही लिहिलं नाही. लिबएमसीड ही सीमधली मुरलेली लायब्ररी सीटाइप्सनं जोडून घेतली. जोडताना एक प्रश्न आला. उलगडलेले लाखो आकडे ठेवायला जागा कुणी घ्यायची? सीनं घेतली तर ती मोकळी कुणी करायची? सीमध्ये मेमरी मागणाऱ्यानंच ती परत करायची असते. पायथनमध्ये ज्याला कोणी विचारत नाही ते आपोआप झाडलं जातं. दोघांनीही सोडून दिली तर मेमरी गळत राहते, दोघांनीही झाडली तर प्रोग्रॅम कोसळतो. ऑब्सपायच्या मंडळींनी नामी तोड काढली. पायथनमध्ये एक छोटं फंक्शन लिहिलं: इतक्या आकड्यांची, अमक्या प्रकारची जागा नमपायकडून घे आणि तिचा पत्ता सांग. हे फंक्शन त्यांनी सीच्या हाती दिलं. त्यामुळे सी उलगडायला बसली की आधी पायथनलाच उलट हाक मारते, मिळालेल्या जागेत आकडे भरते आणि बाजूला होते. जागेची मालकी पहिल्यापासून नमपायची राहते. त्या पत्त्याचं माप किती बिटांचं धरावं, यावर मात्र मूळ कोडमध्ये कर्त्यानं आशावादी शेरा लिहून ठेवला आहे, की हे ३२ आणि ६४ दोन्हींवर चालेल अशी आशा आहे. सांध्यावर काम केलेल्या माणसाला तो शेरा वाचून गलबलून येईल.

त्याच संचातली दुसरी हकिकत उलट दिशेची आहे. भूकंपाची लहर अमुक अंतरावर किती वेळात पोचेल याचं गणित त्यांनी आधी जुन्या फोरट्रान प्रोग्रॅमला पायथनची जोड देऊन चालवलं. किल्लारी ते हैदराबाद सरळ रेषेत दोनशे वीस किलोमीटरच्या आसपास. भूकवचात पहिली लहर सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धरली तर छत्तीस-सदतीस सेकंद हे तोंडी निघतं. पण लहर पृथ्वीच्या पोटातून वळत, परावर्तित होत हजारो किलोमीटर जाते तेव्हा तोंडी गणित संपतं. पुढे त्यांनी फोरट्रान सोडून दिलं आणि जावातल्या टाउ-पी या संचावरून सगळं पायथनमध्ये लिहिलं. आता सांधा गेला म्हणावं, तर सगळ्यात आतल्या फेऱ्या मंद पडल्या, आणि तेवढा भाग परत सीमध्ये गेला.

महाराष्ट्रात दोन भाषांच्या अशा जोडकामाचं नेटाचं उदाहरण पवईला आयआयटी मुंबईत आहे. केंद्र सरकारच्या शिक्षण मोहिमेतून २००९ च्या सुमारास सुरू झालेल्या फॉसी प्रकल्पात, प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं, मॅटलॅब या महागड्या गणिती सॉफ्टवेअरऐवजी फ्रान्समध्ये जन्मलेलं सायलॅब वापरा असा आग्रह धरला गेला. सायलॅबमध्ये इष्टतमीकरणाची साधनं तोकडी होती. ती नव्यानं लिहिण्याऐवजी या लोकांनी सिंफनी, आयपॉप्ट अशा सी आणि सी प्लस प्लसमधल्या नावाजलेल्या लायब्ररी सायलॅबला जोडल्या आणि फॉसी ऑप्टिमायझेशन टूलबॉक्स तयार केला. सायलॅबमध्ये अशा जोडकामाला ‘गेटवे’ म्हणतात. सायलॅबचा तक्ता घ्यायचा, प्रकार तपासायचा, मापं जुळतात का पाहायचं, चुकलं तर माणसाला समजेल असा निरोप द्यायचा, आणि मगच आत सोडायचं. म्हणजे जो पहारेकरी मुळात नसतो, तो हातानं उभा करायचा. हे काम कंटाळवाणं असतं, त्याला वाहवा मिळत नाही, आणि लायब्ररी टिकते ती त्याच्याच जोरावर. तिथल्याच एरोस्पेस विभागातले प्रभू रामचंद्रन यांचं मायावी हे त्रिमिती चित्रणाचं साधनही असंच, व्हीटीके या सी प्लस प्लसमधल्या अवाढव्य लायब्ररीला पायथनचा सुटसुटीत चेहरा देणारं.

जोडकामाची साधनं आता बरीच आहेत. डेव्हिड बीझली यांचं स्विग हे नव्वदीच्या दशकातलं. ते हेडर वाचून अनेक भाषांसाठी जोड तयार करतं, पण त्यातून निघालेलं कोड वाचवत नाही. सायथनमध्ये पायथनसारखंच लिहून सी मिळते. सी प्लस प्लससाठी पायबाइंड११ सगळ्यात सुखाचं. नवशिक्यानं मात्र सीटाइप्सपासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण बाकीची साधनं चुका झाकतात आणि सीटाइप्स त्या उघड्यावर होऊ देतं.

विद्यार्थ्यांची या विषयाशी गाठ पडते ती बहुतेकदा पॅकेज बसवताना. विंडोजवर ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० हवं’ असा लाल मजकूर आला नाही असा पायथनचा विद्यार्थी विरळा. पायथन शिकायला आलो आणि सी प्लस प्लस का मागतंय, असा प्रश्न त्याला पडतो. उत्तर एवढंच, की त्या पॅकेजात कंपाइल करायचा भाग आहे आणि तुमच्या पायथनच्या आवृत्तीसाठी तयार केलेलं ‘व्हील’ मिळालं नाही. बरेचदा पायथनची आवृत्ती अगदी कालची असते, व्हील अजून आलेलं नसतं. एक आवृत्ती मागे गेलं की काम होतं. कित्येक जीबींचं व्हिज्युअल स्टुडिओ उतरवून घेण्याआधी एवढं करून बघावं.

कॉलेजांत सी पहिल्या वर्षी आणि पायथन पुढे कधीतरी, असे दोन वेगळे विषय असतात. दोन्ही जिथे भेटतात ती जागा कुणाच्याच तासाला येत नाही. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या श्री गुरू गोविंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेत असो की लातूरच्या एखाद्या पॉलिटेक्निकात, लिनक्स असलेल्या कुठल्याही लॅबमध्ये हे प्रात्यक्षिक तासाभरात होण्यासारखं आहे. दोन पूर्णांकांची बेरीज करणारं चार ओळींचं फंक्शन सीमध्ये लिहायचं. जीसीसीला ‘शेअर्ड’ हा पर्याय देऊन त्याची एसओ फाइल करायची. सीटाइप्सनं ती उघडून बेरीज करून घ्यायची, उत्तर बरोबर येईल. मग सीमधले ‘इंट’ खोडून ‘डबल’ करायचे, फाइल पुन्हा कंपाइल करायची, पायथनचा प्रोग्रॅम बंद करून नव्यानं चालवायचा आणि त्यातलं एक अक्षरही बदलायचं नाही. दोन्हीकडे एकही इशारा येणार नाही. उत्तराच्या जागी काय येतं ते शेजारच्या मशीनवरच्या उत्तराशी ताडून वहीत लिहायचं.